सध्या काय वाचताय? फँटसीप्रेमींच्या बैठकीत पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

बडोद्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा भेटतो आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारतो: सध्या काय वाचताय? सगळे फँटसी वाचणारे. कोणाच्या हातात इंग्रजीतली जाडजूड पुस्तकमालिका असते, कोणी वेताळाच्या गोष्टी पुन्हा काढलेल्या असतात, कोणी ऑफिसला जाता-येता कानात घालून ऐकत असतं. दर खेपेला एखाद-दुसरा नवा चेहरा येतो, दाराशी घुटमळतो आणि म्हणतो, "माझं अजून वाचून व्हायचंय, पुढच्या वेळी सांगते." हा लेख त्या नव्या चेहऱ्यांसाठी. तुमचं वाचून व्हायचंय ना? मग याच वेळी सांगा.

संपलेल्या पुस्तकाबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं मत पक्कं झालेलं असतं, शेवट कळल्यामुळे सुरुवातही आता वेगळी दिसत असते. अर्ध्यावर असलेल्या वाचकाला मात्र अजून ठाऊक नसतं की तो म्हातारा मांत्रिक भला आहे की दगाबाज. तो अंदाज बांधतो, एखाद्या पात्रावर चिडतो, रात्री दिवा मालवायला कचरतो. ही अवस्था चार-आठ दिवसच टिकते आणि एकदा गेली की त्या पुस्तकापुरती परत येत नाही. आम्हाला ती ऐकायची असते.

पहिली पायरी: आपण कुठवर आलोय ते लिहून आणा

घरून निघताना एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: पुस्तकाचं नाव, मालिकेतला कितवा भाग, कोणत्या भाषेत वाचताय आणि कुठवर आलाय. पहिल्या तीन सगळेच सांगतात. चौथी विसरतात, आणि खरी गरज तिचीच असते, कारण तुम्ही कुठवर आलाय हे कळल्याशिवाय समोरच्याला काय बोलावं आणि काय गिळावं ते ठरवता येत नाही.

पान नंबर सांगू नका, प्रकरण सांगा. तुमच्या छापील प्रतीतलं दोनशेवं पान दुसऱ्याच्या आवृत्तीत भलतीकडे असतं, ई-बुकवाल्याला नुसते टक्के दिसतात, ऐकणाऱ्याला तास आणि मिनिटं. प्रकरण मात्र सगळ्यांचं एकच. आपल्या जुन्या ग्रंथांत ही सोय आधीपासून आहे. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी रचलेल्या कथासरित्सागर या संस्कृत कथासंग्रहाचे १८ लंबक (म्हणजे मोठे भाग) आणि त्यांत मिळून १२४ तरंग (म्हणजे प्रकरणं) आहेत. "तिसरा लंबक, अमुक तरंग" एवढं सांगितलं की कोणत्याही भाषांतरात ती जागा सापडते.

मालिकेतला कितवा भाग, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. नार्निया या जादूच्या देशाच्या सात पुस्तकांचं उदाहरण घ्या. सिंह आणि चेटकिणीचं पुस्तक १९५० मध्ये सगळ्यांत आधी निघालं. नार्निया कसं जन्मलं ते सांगणारं पुस्तक १९५५ मध्ये आलं, पण पुढच्या काळातल्या बऱ्याच आवृत्त्यांत त्यालाच पहिला क्रमांक दिलेला आहे. म्हणून नुसतं "मी पहिलं वाचतेय" म्हटलं की आमच्याकडे लगेच "कोणतं पहिलं?" असा प्रश्न येतो. (माझं मत विचाराल तर १९५० चं आधी वाचा. कपाटाचं दार उघडल्यावर आत बर्फ का आहे, हे आपल्यालाही ठाऊक नसावं.)

दुसरी पायरी: पुस्तक हाती नसेल तर

पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं मुळीच नाही. बडोद्यात राहून असं म्हणणं तर इथल्या शहराचा अपमान आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, संस्थानाचं स्वतंत्र ग्रंथालय खातं काढलं आणि आपल्या राजवाड्यातली पुस्तकं लोकांच्या ग्रंथालयासाठी दिली. जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जात. गाव वाचून झालं की पेटी पुढच्या गावी. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय त्याच कामातून उभं राहिलं. तिथल्या पुस्तकांच्या कपाटांमधल्या मजल्यांना काचेची जमीन आहे, उजेड वरून खाली झिरपावा म्हणून. फँटसी वाचणाऱ्याने एकदा तरी तिथे जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं. सभासद होण्यासाठी काय लागतं ते काउंटरवर विचारा, आणि मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही विभाग बघा.

आमच्याकडे पेटीऐवजी पिशवी आहे. खादीची, जाड, खांद्याला अडकवायची. तिच्यात पाच-सहा पुस्तकं असतात, ती दर महिन्याला एका घरून दुसऱ्या घरी जाते. पहिल्याच दिवशी तुम्हाला तिच्यातलं हवं ते उचलता येईल. परत आणताना पानं मुडपलेली नसावीत, एवढीच अपेक्षा.

मोठ्या मालिकेला हात घालण्याआधी ती पूर्ण झालीय का, हे मात्र कोणालातरी विचारा. व्हील ऑफ टाइम या इंग्रजी फँटसी मालिकेचे मुख्य १४ भाग आहेत. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले, आणि शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केले. डिस्कवर्ल्ड या दुसऱ्या मालिकेच्या ४१ कादंबऱ्या आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच स्वतंत्रपणे वाचता येतात, त्यामुळे आकड्याला घाबरू नका. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी एका खंडात संपणारं काहीतरी देते.

तिसरी पायरी: तीन मिनिटांत सांगा

प्रत्येकाला साधारण तीन मिनिटं मिळतात. घड्याळ कोणी लावत नाही, पण गट दहा-बारा जणांचा असतो. नवखे लोक या तीन मिनिटांत एकतर "मस्त आहे, वाचा" म्हणून मोकळे होतात, नाहीतर पहिल्या प्रकरणापासून कथानक सांगायला घेतात आणि राज्यांची नावं, राजांचे काका, तीन घराण्यांचं वैर यांतच अडकतात. दोन्हींत ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

कसं सांगावं ते मी दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या काकूंकडून शिकले. काकू स्वतःला फँटसी वाचणारी म्हणवून घेत नाहीत. पहिल्यांदा आल्या त्या भाचीला सोडायला, मांडीवर लीलो चेवडोचा स्टीलचा डबा घेऊन. त्यांची पाळी आली तेव्हा त्या एवढंच बोलल्या:

"मी कथासरित्सागर वाचतेय, मराठीत. पहिला लंबक, आठवा तरंग. गुणाढ्याने सात लाख श्लोकांची कथा लिहिलीय, पैशाची नावाच्या भाषेत. रानात शाई कुठली, म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्य ती घेऊन सातवाहन राजाकडे गेले."

"पैठणचा?" कोणीतरी विचारलं.

"आपल्या पैठणचाच. त्याने ती परत पाठवली. भाषा पिशाच्चांची, लिहिलीय रक्ताने, म्हणाला नको. आता हा बिचारा टेकडीवर अग्निकुंड पेटवून बसलाय. एकेक पान मोठ्याने वाचतो आणि आगीत टाकतो. भोवती हरणं, रानडुकरं, रेडे गोल करून उभे आहेत. चरायचं सोडलंय त्यांनी. डोळ्यांतून पाणी वाहतंय. आणि तिकडे राजा आजारी पडलाय. वैद्य म्हणतात, वाळक्या मांसाने. आचाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, पारधी असंच आणून देतात. आता पारध्यांना बोलावणं गेलंय. इथे मी काल खूण घालून ठेवली. मला एकच कळत नाही हो, ऐकायला कोणी नाही म्हणून जाळतोय, तर वाचतो कशाला मोठ्याने?"

एवढं बोलून काकूंनी डब्याचं झाकण उघडलं. दोन मिनिटंही झाली नसतील. बैठकीत कोणी काही बोलेना.

त्यांनी केलं काय ते नीट बघा. आधी जागा सांगितली. मग अख्ख्या ग्रंथातला एकच प्रसंग घेतला, आणि त्यातलंही डोळ्यांना दिसेल असं: आग, पान, उभी राहिलेली जनावरं. त्यासाठी लागेल तेवढीच मागची हकिगत दिली. शिव-पार्वतीचा संवाद, शाप, मागचे जन्म, सगळं गाळलं. मग स्वतःला पडलेला प्रश्न ठेवला, आणि जिथवर वाचलं होतं तिथे थांबल्या. "पुढे बहुतेक असं होईल" हेसुद्धा नाही.

तुम्हीही असंच करा. जागा, एक प्रसंग, स्वतःचा एक प्रश्न किंवा अडचण, आणि थांबणं. अडचण सांगायला लाजू नका. नावं लक्षात राहत नाहीत, नकाशा समजत नाही, पहिली पन्नास पानं काहीच घडत नाही, हे सगळं सांगण्यासारखं आहे. तेच पुस्तक वाचलेला कोणीतरी निघतो आणि म्हणतो, "नकाशा सोडा, मागची पात्रांची यादी उघडी ठेवा." एकीने सांगितलं, ती पहिल्या पानाआधीच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलने वंशावळ काढत जाते. तेव्हापासून आमच्यातले अर्धेअधिक जण तसं करतात.

बडोद्याला हे नवं नाही. सतराव्या शतकात इथला कवी प्रेमानंद आख्यानं सांगायचा, आणि माणभट्ट तांब्याच्या माणावर, म्हणजे घागरीवर, बोटांतल्या अंगठ्यांचा ताल धरत आख्यान रंगवत. आपले कीर्तनकारही पूर्वरंग संपवून बुक्का लावायला थांबतातच. कुठे थांबायचं हे या मातीतल्या ऐकणाऱ्यांना आणि सांगणाऱ्यांना चांगलं कळतं.

चौथी पायरी: दुसरा सांगत असताना

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

विद्यापीठात शिकणारा एक मुलगा आमच्यात येतो. वसतिगृहात राहतो. तो एका मोठ्या मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात होता. पात्रांची नावं, घराण्यांची बोधचिन्हं सगळं तोंडपाठ. मला वाटलं, याने टीव्हीवरची सिरीज बघितलेली असणार. बोलण्याच्या ओघात मी एका पात्राच्या मृत्यूबद्दल बोलून गेले. त्याने काही म्हटलं नाही. हातातलं पुस्तक मिटलं आणि पिशवीत ठेवलं. त्याने सिरीज बघितलीच नव्हती, मुद्दाम बघितली नव्हती, आधी वाचायचं म्हणून. पुढच्या दोन बैठकांना तो आला नाही. मी त्याची माफी मागितली, त्याने मोठ्या मनाने ती दिलीही. पण त्या प्रकरणात त्याला बसायचा होता तो धक्का मी घेऊन टाकला होता, तो परत कुठून देणार?

तेव्हापासून आमच्याकडे बोलण्याआधी दोन प्रश्न विचारायचे असं ठरलं. "कुठवर आलायस?" आणि "पुस्तक की सिरीज?" हे दोन्ही एकच असतात असं धरू नका. गेम ऑफ थ्रोन्सच्या पुस्तकांचा पाचवा भाग २०११ मध्ये आला, आणि पुढचा भाग येण्याआधीच सिरीज २०१९ मध्ये संपली. म्हणजे बघणाऱ्याला जे ठाऊक आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक असायचं कारणच नाही.

मनात आलेलं गिळणं कठीण असतं, हे मान्य. विक्रमाला वेताळ काय सांगतो आठवा. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, आणि बोलला की वेताळ परत झाडावर. आपली शकलं होत नाहीत. म्हणून आपण गप्प बसू शकतो. "पुढे मजा आहे", "त्याच्यावर फार विश्वास ठेवू नको", "शेवटी कळेलच तुला", ही वाक्यंसुद्धा टाळा. अर्ध्यावर असलेला वाचक फार हुशार असतो, एवढ्यावरूनही त्याला सगळं उमगतं. बोलायचंच असेल तर त्याला विचारा: तुला काय वाटतं, पुढे काय होईल? आणि उत्तर ऐकताना चेहरा सरळ ठेवा.

जुन्या गोष्टींना हा नियम लागू आहे का, यावर आमच्याकडे एकदा बराच वाद झाला. रामायण-महाभारताचं काय लपवायचं, असं काहींचं म्हणणं. पण आज वीस वर्षांच्या असलेल्या पुष्कळांनी वेताळपंचविशी वाचलेली नाही, आणि ती पहिल्यांदा वाचण्याचा आनंद त्यांना तितकाच मिळायला हवा. म्हणून आम्ही नियम सगळ्यांना सारखा ठेवलाय, पुस्तक हजार वर्षांचं असो की गेल्या महिन्यातलं.

पाचवी पायरी: मराठीत बोला, आणि शब्दांची घाई करू नका

बरेच जण इंग्रजीत वाचतात आणि सांगायला बसले की मराठी शब्द सुचत नाही म्हणून अडखळतात. फँटसीला फँटसी म्हटलं तरी चालतं. समीक्षेत 'अद्भुतरम्य' हा शब्द आहे, तो १८६१ च्या 'मुक्तामाला'सारख्या कादंबऱ्यांसाठी वापरतात. बोलताना तो जरा भारी होतो.

प्रत्येक गोष्टीला मराठी शब्द शोधायलाच हवा असं नाही. एल्फला यक्ष म्हणू नका. यक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तळं आणि युधिष्ठिर येतो. ड्रॅगन हा ड्रॅगनच. विझार्डला जादूगार म्हटलं की मंचावरचा टोपीतून ससा काढणारा माणूस दिसतो, मांत्रिक म्हटलं की लिंबू-मिरची आणि उतारा. कोणती छटा हवी ते बघून निवडा. पण जिथे आपल्याकडे नेमका शब्द आहे तिथे तो आवर्जून वापरा. पहिल्या हॅरी पॉटरच्या मराठी नावात 'परीस' आहे. इतका अचूक शब्द, आणि आपल्या आजीलाही ठाऊक असलेला. तसाच 'उःशाप'. शापातून सुटकेची वाट एका शब्दात सांगता येते ती आपल्याकडे. 'मायावी', 'अंतर्धान', 'परकायाप्रवेश' हे शब्द वापरून बघा, इंग्रजी पुस्तकातला प्रसंगही एकदम आपल्या घरातला वाटायला लागतो.

आमच्यात दोन गुजराती मित्रही येतात. ते "शुं वांचो छो?" विचारतात, आम्ही मराठीत सांगतो, कोणाचं अडत नाही. इथली मराठी तशीही निम्मी "चालेल ने?" वरच चालते.

जागा आणि वेळ

थंडीत आम्ही सकाळी कमाटीबागेत झाडाखाली चटई टाकून बसतो, पावसाळ्यात कोणाच्या तरी घरी. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर कोणालाही बाहेर बोलावू नका. तुम्ही स्वतः असा गट सुरू करणार असाल तर तारीख ठरवताना नवरात्र सोडा, त्या नऊ रात्री आणि त्यांच्यानंतरच्या सकाळी बडोद्यात कोणी कोणाला भेटत नाही, सगळे गरब्यात. १४ आणि १५ जानेवारीही सोडा, माणसं पतंग उडवायला गच्चीवर असतात. दोघं असलात तरी सुरू करा. आमची सुरुवात तशीच झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये इथे ९१वं साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यावर एकाच प्रतीकडे दोघींचे हात गेले. प्रत तिने घेतली, मला वाचायला दिली, आणि मी परत करायला गेले तेव्हा चहावर दोन तास बोलत बसलो.

वही

बैठक संपताना एक लांबोडकी वही फिरते, किराणा दुकानात उधारीला असते तसली. तारीख, नाव, पुस्तक, कुठवर, आणि शेवटच्या रकान्यात 'चालू', 'संपलं' किंवा 'सोडलं'. हा तिसरा शब्द लिहायला नवीन लोक कचरतात. कचरू नका. मी गेल्या वर्षात चार पुस्तकं सोडली, त्यातलं एक तर सहाशे पानांनंतर. सोडलं म्हणून लिहिलं की कोणीतरी ते उचलतं, आणि कधी कधी पुढच्या महिन्यात येऊन असा प्रसंग सांगतं की सोडणाऱ्यालाच ते परत हवं होतं.

मागच्या बैठकीत वही माझ्याकडे आली तेव्हा वरच्याच ओळीत त्या विद्यापीठातल्या मुलाचं अक्षर होतं. पुस्तकाच्या रकान्यात कथासरित्सागर, पुढे 'लंबक १, तरंग ८, चालू'. मी वही काकूंकडे सरकवली. काकू आता सहाव्या लंबकात आहेत. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली आणि त्याच्याकडे बघितलं.

"पारधी आले का रे राजाकडे?"

"नाही, काकू. आज रात्री वाचणार."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि चेवडोचा डबा त्याच्यापुढे केला.